पेटीला हात

“इश्राम, गिरण बंद कर. बोलूचा आसा.”

मुरलीबुवा दारात उभे होते. माझ्या भातगिरणीचं दार तेव्हा फुगून अर्ध्यातच अडकायचं. त्या अर्ध्या दारातून ते तिरपे होऊन आत आले, पण आधी चौकटीवर बोट फिरवून तोंड वाकडं केलं. हाडाचा सुतार माणूस, दुसऱ्याचं दार बघवत नसे.

“गिरण बंद केली तर भात काय तुमी कांडतलास?” मी ओरडलो. गिरणीत ओरडूनच बोलावं लागतं, आणि त्यांच्याशी मी एरवीही ओरडूनच बोलायचो.

आम्ही दोघं भजनी बुवा, डबलबारीतले; ते मुरलीबुवा, मी घाडीबुवा. ज्यांनी आमच्या कोकणातली डबलबारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवळात समोरासमोर दोन बुवा बसतात, प्रत्येकापुढे पेटी, मागे पखवाज, झांज आणि कोरस. पहिला आपली बारी गातो आणि जाता जाता दुसऱ्याला सवाल टाकतो. दुसरा त्याचं उत्तर देतो आणि पहिल्याची सालटी काढतो. लोक भक्तीसाठी येतात हे खरं, पण सालटी बघायला जास्त येतात.

बावीस वर्षं मुरलीबुवांच्या समोर बसून मी त्यांची सालटी काढत होतो. त्यांनी माझी काढली ती वेगळीच.

मी पट्टा उतरवला. गिरण थांबली. बुवा भाताच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, “तावडे माझी सीडी काढता. शेवटची.”

“शेवटची म्हणजे? खंय चाललात?”

“खंय जातलंय? घराकच. ह्या सीडीनंतर मुरलीबुवा संपलो. मगे नुसतो जनू मेस्त्री. दारां करीन, खिडक्यो करीन, गप रवीन.”

मला हसूच आलं. त्यांचं खरं नाव जनार्दन मेस्त्री हे अर्ध्या तालुक्याला ठाऊक नव्हतं. सोळाव्या वर्षी त्यांच्या गुरूंनी त्यांना गाताना ऐकलं आणि म्हणाले, ह्या मेस्त्र्याच्या पोराच्या गळ्यात मुरली आहे. तेव्हापासून हँडबिलावर मुरलीबुवा, कॅसेटवर मुरलीबुवा, रेशनकार्डावरसुद्धा कोणीतरी तसंच लिहून ठेवलेलं. आई गेल्यावर त्यांना जनू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

“समोर कोण बसतलो?” मी विचारलं.

“तू.”

“मी कित्याक?”

“दुसरो कोण बसलो तर लोक म्हणतले, मुरली घाडीक भियालो.”

बोलले ते असे, पण मला आतून काय झालं ते मी दाखवलं नाही. बुवांच्या तोवर नऊ कॅसेटी निघाल्या होत्या. माझी एकही नव्हती. कणकवलीचा तावडे, जो ह्या सगळ्या कॅसेटी काढायचा, तो म्हणायचा, “घाडीबुवा देवळात ऐकायचे, घरात नाही.” म्हणजे माझा आवाज राकट, हे त्याने सभ्यपणाने सांगितलं. आता पहिल्यांदा माझी अख्खी बारी सीडीवर जाणार होती. माझ्या पश्चात माझा आवाज कुठेतरी राहणार होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे फार मोठं वाटतं, कोणी काही म्हणो.

“बघतंय,” मी म्हणालो, जसं काही मला वेळच नाही.

“तारीख चौदा. सकाळी धा वाजता, रवळनाथाच्या देवळात. कॅमेऱ्याक उजेड व्हयो म्हणता तावडे.”

“सकाळी धा वाजता डबलबारी? मगे दुपारी दशावतार ठेवा.”

ते हसले. दाराकडे गेले, परत चौकटीवर बोट फिरवलं आणि वळून म्हणाले, “तारीख सांगितलंय मां तुका? चौदा.”

“सांगितल्यात.”

सायकलवर टांग टाकून ते निघून गेले. थोड्या वेळाने परत आले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, चौदा. मला वाटलं, म्हातारा मला डिवचतोय, मी भिऊन येणार नाही म्हणून. मी म्हणालो, “चौदाक तुमची चटणी करतंय, काळजी करू नकात.”

पुढचे दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. बुवांचं प्रत्येक गाणं मला पाठ होतं, त्यांच्या स्वतःच्या कोरसला नसेल इतकं. शत्रूचं पाठांतर पक्कं लागतं, नाहीतर त्याला धरणार कुठे? त्यांची एक गौळण होती, त्यांनीच रचलेली. ती म्हटल्याशिवाय लोक त्यांना उठू द्यायचे नाहीत. गवळण यमुनेवर पाण्याला जाते आणि रिकामी घागर घेऊन परत येते.

*घागर घेउनि गेले यमुनेला, रितीच घेउनि आले.*

मग सासू दारात अडवते, पाणी कुठे सांडलंस म्हणून विचारते. मग ती सांगते, कदंबाखाली पाऊल थांबलं. आणि शेवटी ज्या ओळीसाठी लोक जीव टाकायचे ती ओळ, ज्यात रचणाऱ्याचं नाव येतं:

*मुरली म्हणे गे, रिती कशाची, नाद मी भरूनि आले.*

ह्या गौळणीला बावीस वर्षांत मला उत्तर सापडलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत सापडलं. माझी गौळण तयार झाली, त्यात सासूच घागरीला कान लावते आणि पुढे जे काय होतं ते असं होतं, की समोरचा बुवा पेटी मिटून घरी जाईल. गिरणीत मी ती शंभरदा घोळवली. बायको म्हणाली, “भात कांडताहात की मेस्त्र्यांना?”

चौदा तारखेला देऊळ भरलं. सकाळ असून माणसं पारावर उभी होती. तावड्याने दोन कॅमेरे लावले होते, एक बुवांवर, एक माझ्यावर. माझ्यावर कॅमेरा, हे मला आजही आठवलं की बरं वाटतं. मी नवीन जाकीट शिवलं होतं. गळ्याशी काचत होतं, पण शोभत होतं.

सुरुवातीला मुरलीबुवांनी हात जोडून सांगितलं, “मायबाप, ही मुरलीबुवाची शेवटची बारी. ह्यानंतर ह्या नावाने मी पेटीवर बसणार नाही. चुकलं माकलं पोटात घाला.” बायका डोळे पुसायला लागल्या. मी मनात म्हटलं, झाली सुरुवात, आता सहानुभूतीचे गुण आधीच गेले तिकडे.

पण गायला लागले आणि माझं गुण मोजणं राहून गेलं. काय गायले. नमन झालं, रूपाचा अभंग झाला, गजर झाला. माझ्यावर तीन ठिकाणी अशी कोपरखळी मारली की माझाच पखवाजवाला बाबली हसायला लागला. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

मग गौळण. पहिलं कडवं झालं, सासू दारात आली. दुसरं झालं, कदंबाखाली पाऊल थांबलं. धृपद घोळवलं. आता शेवटचं यायचं, लोक पुढे सरकले.

बुवांनी परत दुसरं कडवंच घेतलं.

रंगात आलेला बुवा घेतो कधीकधी, कोणाला काही वाटलं नाही. धृपद झालं. बोटं पेटीवर बरोबर चालली होती, अगदी सराईत. आणि बुवांनी तिसऱ्यांदा कदंबाखाली पाऊल थांबवलं.

मी समोर बसलो होतो. त्यांच्या आणि माझ्यामध्ये दहा हात अंतर. त्यांचे डोळे मला दिसत होते. ते लोकांकडे बघत नव्हते, कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, घरात काहीतरी ठेवलं आणि कुठे ठेवलं ते सुचत नाही अशा माणसासारखे इकडेतिकडे फिरत होते. मला गिरणीतली ती चौदा तारीख आठवली, तीनदा सांगितलेली. 

ओळ विसरली होती. ज्या ओळीत त्यांचं नाव होतं तीच.

कोरसवाले सांगू शकत नव्हते. नावाची ओळ बुवानेच आधी म्हणायची, त्याच्याआधी कोरसने तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. वही जवळ नव्हती. मुरलीबुवांनी आयुष्यात पेटीवर वही ठेवली नाही, ठेवणाऱ्यांची माझ्याइतकीच टर त्यांनीही उडवली होती. चौथ्यांदा धृपद आलं. लोकांत थोडी चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याकडे मान वळवली.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. अजून अर्धा मिनिट, आणि मुरलीबुवांच्या शेवटच्या सीडीत मुरलीबुवा आपलं नाव विसरले, हे सगळ्या जिल्ह्याने बघितलं असतं. मग माझी बारी, माझी नवी गौळण, आणि मी जिंकलो असतो.

आता आमच्या पट्ट्यातला एक नियम सांगितला पाहिजे. समोरच्याची बारी चालू असताना आपल्या पेटीला हात लावायचा नाही. लावला, तर तो समोरच्याचा अपमान. मग समोरच्याच्या पायाशी नारळ ठेवायचा, आणि आपली बारी गमवायची. माझ्या बापजन्मात मी कोणाला तसं करताना पाहिलं नव्हतं.

मी पेटीवर हात आपटला. काळी चारचा सूर, सगळा भाता दाबून. त्यांचा पखवाज थांबला. देवळात अशी शांतता झाली की तावडे कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढून बघायला लागला.

“थांबा बुवा,” मी माइकवर म्हणालो. “हा काय प्रकार चालवलाय? गवळण रिकामी घागर घेऊन घरी आली. सासू दारात उभी. आणि तुम्ही त्या बिचारीला तीन तीन वेळा कदंबाखाली उभी करता? तिला घरात घेणार कोण? घागर रिती कशाची, असं ठणकावून सांगणारा आहे की नाही कोणी तुमच्याकडे? असला तर सांगा त्याचं नाव. ह्या रवळनाथासमोर, ह्या लोकांसमोर. सांगा नाव!”

लोक भडकले. “ओ घाडीबुवा, लाज बाळगा,” असं कोणीतरी मागून म्हणालं. माझ्या अंगावर एक चुरमुऱ्याची पुडीही आली.

मुरलीबुवा माझ्याकडे बघत होते. एक क्षण, दोन क्षण. मला वाटलं, गेलं, खूण नाही लागली त्यांना. मग त्यांची मान ताठ झाली.

“नाव पाहिजे?” ते म्हणाले. “ऐक.”

आणि पेटी सोडून, दोन्ही हात वर करून त्यांनी घेतलं, *मुरली म्हणे गे, रिती कशाची,* आणि कोरस तुटून पडला, *नाद मी भरूनि आले,* आणि देऊळ उठलं. माणसं पारावरून ओरडत होती. पाच वेळा, सहा वेळा तीच ओळ. त्यांचं वय तेव्हा बासष्ट होतं, पण आवाज सोळाचा लागला.

गाणं संपलं. मी उठून हात जोडले आणि म्हटलं, झालं गेलं विसरून मला माझी बारी सुरू करू द्यावी. खरं सांगायचं तर माझी अशी समजूत होती की बुवा मला सोडतील. ते म्हणतील, जाऊ द्या, घाडीबुवांना गाऊ द्या. देवळाचे मानकरीही त्यांच्याकडेच बघत होते.

मुरलीबुवांनी माइक ओढला. “नियम तो नियम,” ते म्हणाले. “घाडीबुवा, नारळ ठेवा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्यांनी परत सांगितलं. मानकऱ्यांनी गाभाऱ्यातून नारळ आणून माझ्या हातात दिला. मी दहा हात चालत गेलो, तो त्यांच्या पायाशी ठेवला आणि पायाला हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला. मला तोही नाटकी वाटला. माझी पेटी मी तशीच मिटली. माझा कॅमेरा तावड्याने बंद केला. जाकीट मी देवळाबाहेर पडताच काढलं.

सीडी आली. वरती मोठ्या अक्षरात ‘मुरलीबुवांची अखेरची बारी’. आत सगळं त्यांचंच. आणि मधोमध मी, पेटीवर हात आपटणारा, लोकांची बोलणी खाणारा. तावडे मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, “मी तो भाग कापणार होतो हो बुवा. सहज कापता आला असता. पण मेस्त्री ऐकेनात. म्हणाले, घाडी कापलास तर माझं नावही काढ.”

माझं डोकं फिरलं. म्हणजे नुसता नारळ नव्हे, माझी फजिती कायमची छापून ठेवली. त्या सीडीने माझं नाव झालं, पण कसलं? जिथे जाईन तिथे लोक म्हणायचे, हेच ते, म्हाताऱ्याला शेवटच्या बारीतही सुखाने गाऊ दिलं नाही. मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? मेस्त्री नाव विसरले होते म्हणून? मग केलं कशाला होतं?

त्यानंतर मेस्त्री तीनदा गिरणीवर आले. पहिल्यांदा आले, उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग खिशातून टेप काढून दाराचं माप घेतलं. मी म्हणालो, “दार नको माका. जावा.” आठ दिवसांनी परत आले, परत माप घेतलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी गिरण बंदसुद्धा केली नाही. त्यांनी त्या आवाजात काहीतरी म्हटलं, मी कानावर हात ठेवले. ते माप घेऊन गेले. दार काही आलं नाही.

तीन वर्षं मी त्यांच्या वाडीत पाऊल ठेवलं नाही. मग कळलं, मेस्त्री आता माणसं ओळखत नाहीत. बायको म्हणाली, “जाऊन या. नारळ ठेवलात ना एकदा, आता काय राहिलंय?” मी गेलो, तो तिच्या कटकटीला कंटाळून, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

इंदूवहिनी, मेस्त्र्यांची बायको, खळ्यात कोकमं वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“भावजी, इलास,” त्या म्हणाल्या. “किती उशीर केलास. त्यांनी सांगितला मां तुमका?”

“काय?”

“म्हणजे नाय सांगितला.” त्या पायरीवर बसल्या. “त्या दिवशी बारी आटपून घराक इले आणि देवासमोर बसान रडाक लागले. म्हणाक लागले, इश्रामान माका माझा नाव दिल्यान, आणि मी तेका नारळ ठेवूक लावलंय. मी म्हटलंय, मगे कित्याक लावल्यात? तर म्हणाले, सोडलंय असतंय तर देवळातल्या शेंबड्या पोराक कळला असता, घाडीन मदत केली म्हणान. भांडण खरा दिसाक व्हया होता.”

मीही खालच्या पायरीवर टेकलो.

“तावडे तो भाग कापूक बघी होतो. तेका म्हणाले, घाडी माझ्यापायी आपली बारी घालवन बसलो, आता निदान तेचो आवाज तरी त्यात रवांदे. नायतर तेचा काय रवला?” वहिनींनी पदराने तोंड पुसलं. “तुमका सांगूक म्हणान तीनदा गिरणीवर गेले ते. परत इल्यावर मी विचारी, सांगितल्यात? तर म्हणत, माप घेतलंय.”

मी जन्मभर तोंडाळ म्हणून ओळखला गेलेला माणूस. मान खाली घालून चपला काढल्या आणि आत गेलो.

मेस्त्री पडवीत बसले होते. पुढ्यात एक फळी होती आणि ती ते हाताने चाचपत होते. त्यांची पेटी कोपऱ्यात, वर फडकं. मला बघून हसले, पण कोणाकडेही बघून हसावं तसं. मी पेटी पुढे ओढली आणि समोर बसलो. मधलं अंतर दहा हात नव्हतं, गुडघ्याला गुडघा लागत होता.

मी गौळण सुरू केली. माझ्या राकट आवाजात, घरात न ऐकण्यासारख्या. घागर, सासू, कदंब. त्यांचं बोट फळीवर ताल धरायला लागलं. शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो.

“पुढे?” ते म्हणाले.

“पुढचा तुमचा.”

त्यांनी मान हलवली. “माका येत नाय. तू म्हण.”

दुसऱ्या बुवाच्या नावाची ओळ मी कधीच म्हटली नव्हती, गिरणीत एकटा असतानाही. ती म्हटली. *मुरली म्हणे गे, रिती कशाची, नाद मी भरूनि आले.* आवाज फाटला माझा. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“बरा आसा,” ते म्हणाले. “कोणाचा?”

“एक मुरलीबुवा होते, तेंचा.”

“बरो गायत होतो?”

बावीस वर्षं, आणि वर आणखी तीन. “माझ्यापेक्षा बरो,” मी म्हणालो.

ते खुशीत हसले. मग त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली. हात अजून पेटीवर होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. 

“पेटीक हात लावलंस,” ते म्हणाले. “नारळ ठेव.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आतून नारळ आणून दिला. शेंडी त्यांच्याकडे करून मी तो त्यांच्या पायाशी ठेवला आणि पायाला हात लावला. माझ्या डोक्यावर हात आला आणि राहिला.

मग त्यांनी नारळ उचलला, कानाशी नेला आणि हलवून बघितला.

“भरलेलो आसा,” म्हणाले.